मोडीचा भाव : नाशिकच्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहरातल्या सर्व गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव आणि कमिटी सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली आहे. येत्या रविवारपासून घराघरातले माळे रिकामे व्हायला लागतील आणि जिन्याखाली, मीटर रूमशेजारी, पार्किंगच्या कोपऱ्यात गोण्या साठू लागतील. त्या गोण्या खाली उतरण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून घाईनं लिहिते आहे.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये अशाच दोन गोण्या होत्या. मी त्या उघडून पाहिल्या. अकरा बंद मोबाईल, चार्जरचा गुंता, रिमोटमधले आणि घड्याळातले सेल, एक फुगलेली पॉवर बँक, राऊटर, पडदा फुटलेला लॅपटॉप, सीएफएल दिवे. भिंतीला टेकवून ठेवलेल्या सतरा ट्यूबलाइट. दुपारी मुलांनी त्यातल्या सहा ट्यूब फोडल्या, कारण फुटताना फटाक्यासारखा आवाज येतो. संध्याकाळी वायरी वेगळ्या काढून कुणीतरी मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाळल्या. काळा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. उरलेलं सगळं दुसऱ्या दिवशी ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत गेलं. गाडीची चूक नव्हती, आम्हीच ते तसं दिलं होतं.

ते दृश्य मला अजून छळतं. का, ते सांगायचं तर आधी घरचं सांगावं लागेल.

मी तांबटाची मुलगी. भांडी बाजारामागच्या गल्लीत आमचं घर होतं. खाली दुकान आणि भट्टी, वर आम्ही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हातोड्याचे ठोके. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊंचा एक नियम कधी मोडला नाही: संध्याकाळी दुकान झाडायचं, पण केर बाहेर टाकायचा नाही. पत्रा कापताना उडालेल्या चकत्या, कानशीचा कीस, भट्टीपुढची राख, सगळं एका डब्यात जायचं. महिन्या-दोन महिन्यांनी आई तो केर सुपात पाखडायची, आणि निघालेलं तांबं पुन्हा भट्टीत. गिऱ्हाईक जुना हंडा घेऊन आलं की भाऊ तो काट्यावर ठेवून मोडीचा भाव सांगायचे. तेवढे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा. कुणाच्या तरी पणजीचा बंब असा नातसुनेची घागर होऊन घरी परत जायचा. कल्हईवाला नवसागर टाकून कथील पसरायचा, तेव्हा कापसाच्या बोळ्याला चिकटलेलं कथीलही तो झटकून पिशवीत ठेवायचा. सराफ बाजारात तर पहाटे झारेकरी यायचे, दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढायचे. आमच्या लहानपणच्या नाशकात धातू केरात जाऊच शकत नव्हता.

तेव्हा मला ती गरिबांची काटकसर वाटायची. पुढे रसायनशास्त्र शिकले, शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आणि कळलं की भाऊंच्या केराच्या डब्यामागे निसर्गाचा एक नियम उभा होता. तांबं कुणालाही बनवता येत नाही. तांबटालाही नाही, कारखान्यालाही नाही, पृथ्वीलाही नाही.

दरवर्षी नववीच्या पहिल्या तासाला मी घरचा तांब्या टेबलावर ठेवायची. हा कुणी बनवला? तांबटानं. त्यातलं तांबं कुठून आलं? खाणीतून. खाणीत कुठून आलं? इथे वर्ग गप्प व्हायचा. त्या गप्प झालेल्या मुलांना जे सांगायची, तेच आज तुम्हाला सांगते. सोसायटीच्या कामाचं बोलणं त्यातूनच निघणार आहे.

विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं. जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम एवढंच तयार झालं. वजनानं साधारण पाऊण हिस्सा हायड्रोजन, पाव हिस्सा हेलियम. मग सगळं पसरत गेलं, निवत गेलं आणि पुढचं काम अडलं. त्या विश्वात कार्बन नव्हता, ऑक्सिजन नव्हता, लोखंड नव्हतं. पाणी नव्हतं, म्हणजे गोदावरीही शक्य नव्हती.

पुढचं काम ताऱ्यांनी केलं. ताऱ्याला भट्टी म्हणणं मला सोपं जातं, पण एक फरक आहे. भाऊंच्या भट्टीत तांबं वितळायचं आणि तांबंच राहायचं. ताऱ्याच्या पोटात अणूचं केंद्रकच बदलतं. आपल्या सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे आणि तिथे दर सेकंदाला जवळपास ६० कोटी टन हायड्रोजन जुळून हेलियम होतो. सूर्य म्हातारा झाला, गाभा आणखी आकसून दहा कोटी अंशांवर तापला, की तीन हेलियम मिळून एक कार्बन होईल.

हे तिघांचं जुळणं फार अवघड. सरळ हिशोब केला तर विश्वात दिसतो एवढा कार्बन तयारच व्हायला नको. १९५३ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी उलट बाजूनं विचार केला: कार्बन आहे, आपण आहोत, तेव्हा कार्बनच्या केंद्रकाला एका नेमक्या ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे. अमेरिकेत कॅलटेकच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी ती शोधायला सांगितली, आणि ती सापडली. चार वर्षांनी, १९५७ मध्ये, मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉयल या चौघांनी जवळपास सगळी मूलद्रव्यं ताऱ्यांत कशी घडतात याचा मोठा शोधनिबंध लिहिला. त्यावर पहिलं नाव मार्गारेट यांचं आहे. मुलींच्या वर्गात मी ते मुद्दाम फळ्यावर लिहायची. फाउलर यांना पुढे १९८३ चं नोबेल आपल्या खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यासोबत विभागून मिळालं.

याच हॉयल यांच्या हाताखाली केंब्रिजमध्ये शिकलेला कोल्हापूरचा विद्यार्थी म्हणजे जयंत नारळीकर. २०२१ साली आपल्या नाशकात ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. मला त्या संमेलनाचं सगळ्यात मोठं अप्रूप याचंच वाटलं, की मूलद्रव्यांच्या जन्माचं कोडं सोडवणाऱ्या माणसाचा शिष्य मराठी साहित्याच्या अध्यक्षपदी बसला.

जड ताऱ्यांत कार्बनच्या पुढची पायरी, मग त्याच्याही पुढची, असं चढत चढत ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक होत जातं आणि गाडी लोखंडापाशी थांबते. लोखंडाच्या आसपासची केंद्रकं इतकी घट्ट बांधलेली असतात, की त्यांना जुळवून ताऱ्याला काही ऊर्जा मिळत नाही. भट्टीला सरपण उरत नाही. गाभा कोसळतो, तारा फुटतो, आणि आत शिजलेलं बरंचसं अवकाशात उधळलं जातं. कढईला चिकटलेलं लोखंड, पालकातलं लोखंड, रक्तातलं लोखंड, सगळं ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेलं.

मग लोखंडाच्या पुढचं तांबं? जड ताऱ्याच्या पोटात मोकळे न्यूट्रॉन, म्हणजे केंद्रकातले विद्युतभार नसलेले कण, फिरत असतात. आधीच्या पिढीच्या ताऱ्यांनी मागे ठेवलेल्या लोखंडाच्या केंद्रकाला ते एकेक करून चिकटतात. मधूनमधून एखादा न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो आणि मूलद्रव्य तक्त्यात एका घरानं पुढे सरकतं. आपल्याकडच्या तांब्याचा बराचसा भाग अशा संथ रीतीनं घडला. कल्हईच्या कथिलाचा मोठा भाग फुगून लाल झालेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांमध्ये, हजारो वर्षं न्यूट्रॉन साठवत साठवत. भाऊ एक घागर मठारायला दिवस घालवायचे. हे त्याहून कितीतरी सावकाशीचं काम.

ही नुसती कल्पना नाही, याचा पुरावा आकाशात सापडला आहे. १९५२ साली खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना काही म्हाताऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या रेषा दिसल्या. टेक्नेशियमचा सगळ्यात टिकाऊ प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा संपतो, आणि ते तारे त्यापेक्षा कितीतरी जुने. म्हणजे ते टेक्नेशियम ताऱ्यानं स्वतःच, अलीकडेच घडवलेलं असणार. आईच्या शेवटच्या आजारपणात हाडांचा स्कॅन करायचा होता, तेव्हा तिला शिरेतून जे इंजेक्शन दिलं त्यात टेक्नेशियमच होतं, सहा तासांत निम्मं होणारं. यंत्रातल्या पडद्यावर तिची हाडं उजळली तेव्हा मला मेरिल यांचे तारे आठवले. त्या खोलीत मी ते कुणाला सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते.

सोन्याची गोष्ट वेगळी. सोनं आणि चांदीचा मोठा भाग घडायला न्यूट्रॉनचा नुसता झिमझिम पाऊस पुरत नाही, ढगफुटी लागते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी तशी एक घटना पृथ्वीवरून नोंदली गेली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यांचे मागे उरलेले अतिघट्ट गाभे, एकमेकांवर आदळले. आधी गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशालाच बसलेले हेलकावे, आल्या, मग गॅमा किरण, मग ताज्या जड मूलद्रव्यांची झळाळी. त्या प्रकाशात पुढे स्ट्रॉन्शियम या जड मूलद्रव्याची खूण ओळखली गेली. या टकरीमागे उरलेला रेडिओ प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणींत आपली जीएमआरटीही होती. पुण्याला जाताना नारायणगावाजवळ फाटा लागतो, त्या खोडदची, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा व्हायची आहे. पाडव्याला सराफ बाजारात गुंजभर सोनं घेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला वाटतं: ते सोनं सूर्याच्याही जन्माआधीचं आहे.

हा सगळा माल धुळीच्या आणि वायूच्या ढगात मिसळला, त्यातून सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि पृथ्वी झाली. त्या दिवशी आपल्या वाट्याला जेवढं तांबं आलं, जेवढं कथील आलं, तेवढंच. त्यानंतर उल्कांनी थोडी भर घातली असेल, बस.

पृथ्वीनं मात्र एक मोठं काम केलं. तिनं गोळा केलं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ब्रह्मगिरी त्याचाच, पांडवलेणी कोरली तो डोंगर त्याचाच, द्राक्षबागांची काळी मातीही त्याच दगडाची झालेली. त्या दगडात तांबं आहे, पण टनामागे शे-दोनशे ग्रॅम, तेही कणाकणात विखुरलेलं. त्यातून तांब्या होत नाही. म्हणून नाशकाचं तांबं नाशकाच्या जमिनीतून कधी आलंच नाही. ते राजस्थानातल्या खेत्रीहून, मध्य प्रदेशातल्या मलाजखंडहून किंवा समुद्रापलीकडून आलं. मलाजखंडला एक टन दगडात दहा किलोच्या आसपास तांबं भरतं. जमिनीखालच्या उकळत्या पाण्यानं ते कोट्यवधी वर्षांपूर्वी कणाकणानं वाहून एका जागी आणून ठेवलं आहे. तरीही एक किलो तांब्यासाठी शंभर किलो दगड फोडावा लागतो. आणि आपल्या गोणीतली वायर? सोलली की आत जवळपास निखळ तांबं.

कुणी विचारेल, आता विज्ञान एवढं पुढं गेलंय, बनवता येणार नाही का? एक मूलद्रव्य दुसऱ्यात बदलणं आपल्याला जमतं. आपल्या जिल्ह्यातच याचं उदाहरण आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. तिथे वापरायचा कोबाल्ट-६० हा अणुभट्टीत साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉन मारून तयार करतात, आणि तो किरण देता देता निकेलमध्ये बदलत जातो. सव्वापाच वर्षांत निम्मा. पण हे सगळं थोड्या वजनाचं आणि प्रचंड खर्चाचं काम. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत शिशाची केंद्रकं प्रकाशाच्या वेगाजवळ पळवताना काहींचं सोनं झालं. २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८,६०० कोटी सोन्याची केंद्रकं घडली. २०२५ मध्ये त्याचा हिशोब जाहीर झाला. वजन किती? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले २९. नथीतल्या मोत्याच्या तारेलाही ते पुरणार नाही.

तेव्हा बनवण्याचा रस्ता बंद आहे असंच धरून चालायला हवं. आणि नष्ट करण्याचाही. टाकलेलं तांबं कुठे जात नाही, मातीत, पाण्यात, धुळीत राहतं. ते फक्त विखुरतं. साखर ओट्यावर सांडली तर भरता येते. पाण्यात विरघळली तर आटवावी लागते. नदीत गेली तर हात जोडायचे. धातूचं अगदी तसंच आहे. पेट्रोलमध्ये कितीतरी वर्षं शिसं घालत होतो. २००० सालापासून देशभर ते बंद झालं. पण तोवर गाड्यांच्या धुराड्यांतून गेलेलं शिसं रस्त्याकडेच्या मातीत बसलं ते बसलंच. ते परत गोळा करणारा झारेकरी जगात नाही.

शेतकऱ्याला हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडचा बागायतदार डावणी येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतो. फ्रान्समध्ये मियार्दे यांनी १८८५ साली सांगितलेला हा उपाय अजून चालतो, कारण तांब्याचा अंश बुरशीला मारतो. भुरीसाठी गंधक. पण तोच बागायतदार सांगतो की मोरचूद मोजून वापरावं, कारण तांबं मातीत साठतं. खताच्या गोणीवरची एन-पी-के ही तीन अक्षरंही असंच काही सांगतात. नत्र हवेतून ओढता येतं, ते तंत्र १९०९ नंतर हाबर आणि बॉश यांनी जगाला दिलं. स्फुरद आणि पालाश हवेत नाहीत. ते दगडातूनच काढायचे, आणि पालाश तर आपला देश जवळपास सगळा बाहेरून आणतो.

जुनं पुन्हा वापरण्याचा सगळ्यात देखणा दाखला मला आपल्याच जिल्ह्यात दिसतो. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या दोन तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. नहपानाचा मुखवटा खाली पुसट दिसतो आणि त्यावर चैत्याची खूण. शत्रू हरला, राज्य बदललं, पण चांदी फेकायची नसते हे विजेत्याला ठाऊक होतं. जवळपास १,९०० वर्षांपूर्वीची ही नाशिकची रीत.

आता त्या गोणीकडे परत येऊ. बंद मोबाईलमध्ये तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम, टँटलम असतं, बॅटरीत लिथियम आणि बहुधा कोबाल्ट, पडद्यात इंडियम, स्पीकरच्या चुंबकात निओडिमियम. एक टन सोन्याच्या खनिजात पुष्कळदा जेमतेम काही ग्रॅम सोनं असतं. एक टन जुन्या मोबाईलमध्ये त्याच्या कितीतरी पट. जपाननं हे करून दाखवलं. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं त्यांनी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली. ६२ लाखांहून अधिक मोबाईल जमले होते, आणि सगळ्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांसं निघालं. ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्रानं गळ्यात घातलेलं पदक कुणाच्या तरी खणात पडून राहिलेल्या मोबाईलमधून आलेलं होतं. त्या रात्री आपल्या सोसायट्यांनीही फटाके वाजवले.

जगाचं चित्र मात्र वेगळं आहे. २०२२ साली जगभरात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला, त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे.

नुकसानीपेक्षाही मला धास्ती वाटते ती विषाची. ट्यूबलाइटमध्ये आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. एका नळीनं कुणी आजारी पडेल असं मी म्हणत नाही. पण बंद पार्किंगमध्ये सहा नळ्या फोडणाऱ्या मुलांच्या नाकाशी पाऱ्याची वाफ असते. जपानमधल्या मिनामाता गावी पारा समुद्रात सोडला गेला, तिथून माशांत, माशांतून माणसांत. १९५६ साली आजार उघडकीस आला तेव्हा फार उशीर झाला होता. वायर जाळली की वरच्या प्लास्टिकमधल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन नावाची विषं होतात, आणि आतलं तांबंच त्या विषांच्या घडणीला हातभार लावतं. फुगलेल्या पॉवर बँकेला गाडीत दाब बसला की ती पेट घेते. घंटागाडीवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी आपण ते देतो.

म्हणून या दिवाळीआधी एक पेटी ठेवा, एवढीच माझी मागणी आहे. झाकणाची, कोरड्या जागी, वॉचमनच्या नजरेखाली. तिच्यात मोबाईल, चार्जर, वायरी, रिमोट, राऊटर. सेल आणि बॅटऱ्या वेगळ्या डब्यात, टोकांना चिकटपट्टी लावून; फुगलेली बॅटरी पत्र्याच्या बादलीत कोरड्या वाळूवर, जिन्यापासून लांब. ट्यूबलाइट मूळ पुठ्ठ्यात उभ्या ठेवायच्या, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. एखादी फुटलीच तर दारं-खिडक्या उघडा, केरसुणी फिरवू नका, जाड कागदानं तुकडे उचला आणि ओल्या फडक्यानं जागा टिपून घ्या. मोबाईल देण्याआधी त्यातली माहिती पुसायची, हे नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहा. लोक मोबाईल खणात ठेवून देतात ते या भीतीनं.

पेटी भरली की ती नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्रालाच द्यायची आणि वजनाची पावती घ्यायची. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बॅटऱ्यांचे २०२२ पासून. माल परत घेऊन त्याचं काय करायचं याची जबाबदारी त्यात उत्पादकांवर आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत केंद्रांची यादी मिळते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बघा, ती कुणी कचऱ्यात टाकत नाही, कारण जुनी दिली की नवीत सूट मिळते. तो मोडीचाच भाव आहे. मोबाईलला तसा भाव लगेच मिळेल न मिळेल, त्यासाठी थांबू नका.

एक कळकळीची विनंती आहे, भंगारवाल्याला यातून बाहेर काढू नका. हे शहर इतकी वर्षं तोच पाखडत आला आहे. वायर सोलायचं हातानं फिरवायचं साधं यंत्र मिळतं. तीन-चार सोसायट्यांनी मिळून ते त्याला घेऊन द्यावं आणि जाळणार नाही असा शब्द घ्यावा. सोललेल्या तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा भाव चांगला येतो, म्हणजे त्याचंही भलं.

तुमच्या सभेत कुणी म्हणेल, एका पेटीनं काय होणार? त्यांना गेल्या वर्षीच्या आमच्या गोण्यांचा हिशोब सांगा. चाळीस घरांच्या सोसायटीत, एका दिवाळीत, दोन गोण्या. तुमच्या भागात अशा किती इमारती आहेत ते गच्चीवर जाऊन मोजता येईल.

गंगापूर रोड, सिडको, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड, कुठूनही बोलावणं आलं तर मी येईन. ज्यांच्याकडून हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं, त्यांच्यापाशी निरोप ठेवा. तासभर मुलांना हाताशी घेऊन पेटीतली एकेक वस्तू उघडून दाखवेन, कुठला धातू कुठल्या ताऱ्यातला ते सांगेन. भाऊंचा पितळी काटा अजून माझ्याकडे आहे, येताना तोही आणीन. पहिल्या दिवशी पेटीत जे जमेल ते मुलांनीच त्यावर तोलावं आणि सोसायटीच्या रजिस्टरात तारीख घालून लिहावं.

आपली,
भांडी बाजारातल्या एका तांबटाची मुलगी,
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
नाशिक